नावात जेनेटिक्स नसलं तरी चालेल

अगं, पेपर संपले नाहीत तोच 'मी जेनेटिक्सच करणार' म्हणून घरभर सांगत सुटलीस! छानच आहे. पण नावात तो शब्द दिसला म्हणून लाखभर फी भरून कुठल्याही कॉलेजात जाऊ नकोस. या विषयातली बरीच माणसं साधी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र नाहीतर मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी करून मग एमएस्सीला इकडे वळलेली असतात. तू आधी एवढंच ठरव, जनुकं कुणाची अभ्यासायची आहेत?

पिकांची? मग सरळ बीएस्सी ॲग्री. चार वर्षं, प्रवेश सीईटीवर, पुढे राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली. तिथे संकर वहीतल्या चौकटीत होत नाही, बाई. कपाशीची उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, स्त्रीकेसराला धक्का न लावता सगळे पुंकेसर काढायचे, कळी झाकायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण आणून लावायचे. असं ओळीनं शेकडो फुलांना. उन्हाचा कंटाळा असेल तर आत्ताच सांग.

माणसांची? पेशंटवर उपचार करायचे तर एमबीबीएस, एमडी आणि त्यावर मेडिकल जेनेटिक्सचं डीएम. म्हणजे नीटच द्यायची. जेनेटिक कौन्सेलरला मात्र एमबीबीएस लागत नाही, बीएस्सीनंतर त्याचं एमएस्सी करता येतं. मला वाटतं, तुला हे जमेल. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असले, तर दर खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. 'पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली' असा हिशेब लोक मांडतात, आणि सासूबाई सुनेकडे बघत असतात. जनुक दोघांकडून आलंय, हे न चिडता पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

आणि निव्वळ संशोधनच करायचं असेल, तर पुण्याचं आयसर आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तारखेवर लक्ष ठेव. त्यापुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं. जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये. मैत्रिणींची पॅकेजं ऐकून तेव्हा रडायचं नाही.

एक गोष्ट मला खटकते, तू गणित सोडलंयस. जनुकांचा आजचा अभ्यास अर्ध्याहून अधिक संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटरवर चालतो. सुट्टीत पायथन शिकायला घे, कुणी सांगायची वाट बघू नकोस.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत नको, लॅब दाखवा म्हण. फळमाश्यांच्या बाटल्या कुठे ठेवता, विचार. लाल डोळ्यांच्या किती, पांढऱ्या डोळ्यांच्या किती, हे मुलं स्वतः मोजत असतील तर डोळे मिटून प्रवेश घे. नुसते तक्ते टांगलेले असतील, तर दुसरं कॉलेज बघ.