क्लचमधील हवा कशी काढावी

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग भिलाईतील सुपेला या गजबजलेल्या वस्तीजवळून जातो. अशा वर्दळीत चालकास क्लच पुनःपुन्हा दाबावा लागतो. पेडल मऊ लागू लागले, गिअर टाकताना खरखर झाली आणि द्रवपात्रातील पातळी उतरली, तर स्लेव्ह सिलिंडर गळत असण्याचा संभव असतो. त्याकडे दुर्लक्ष केल्यास क्लच सुटत नाही आणि गिअरमध्ये असलेली गाडी थांबवू पाहिली तरी पुढे ओढली जाते.

या यंत्रणेचे मूळ पास्कलच्या नियमात आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. पेडलाजवळील मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर व स्लेव्हच्या दट्ट्याचे ३ चौरस सेंटिमीटर आहे असे समजू. मग बल दीडपट होते. परंतु पहिला दट्ट्या ३ सेंटिमीटर सरकला, तर दुसरा २ सेंटिमीटरच सरकतो. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणूनच हा हिशेब जुळतो. हवा मात्र सहज दबते. नळीत बुडबुडा राहिला, तर पायाचे श्रम त्याला दाबण्यातच खर्ची पडतात.

येथे गिअरपेटीच्या बाहेर बसवलेल्या सिलिंडरचा विचार केला आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. जोडाभोवतीची धूळ पुसून नळी सोडवावी, जुना सिलिंडर काढावा व नवा बसवावा. जोडावर तांब्याचा वॉशर असल्यास तोही नवा घालावा. द्रवपात्रात उत्पादकाने सांगितलेलेच ब्रेक ऑइल भरावे. इंजिनाचे तेल घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात.

हवा काढण्यास दोन माणसे हवीत. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक बाटलीतील ताज्या ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने निपल किंचित सैल करावे. द्रव व बुडबुडे बाहेर येताच निपल आवळावे, आणि त्यानंतरच पेडल सोडावे. हा क्रम चुकला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत ही क्रिया करावी व द्रवपात्र कधीही रिकामे होऊ देऊ नये.

बाटलीतील द्रव पुन्हा वापरू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घटतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवासाठी तो किमान २०५ अंश सेल्सियस, तर ओलावा शोषलेल्यासाठी किमान १४० अंश ठरवलेला आहे. हा द्रव रंगावर सांडल्यास पाण्याने त्वरित धुवावा.

अनेक मोटारींत क्लच व ब्रेक यांचे द्रवपात्र एकच असते. म्हणून गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी क्लचबरोबर ब्रेकही तपासणे आवश्यक आहे.