अक्षर, बाइट आणि संहितेची सीमा : ‘सी’ भाषेतील ॲरे, स्ट्रिंग आणि स्मृतिव्यवहार

संहिता कोठे संपते, हा प्रश्न पाठचिकित्सेला नवा नाही. हस्तलिखित पोथीचा लेखक ग्रंथाच्या अखेरीस समाप्तिवाक्य लिहीत असे. कित्येकदा त्याच्या जोडीला ग्रंथसंख्या, म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून केलेली मोजदादही नोंदवीत असे. पहिली खूण वाचकाला ‘येथे थांबावे’ असे सांगते. दुसरी ‘एवढे असावयास हवे’ असे सांगते. मधले पत्र गहाळ झाले किंवा चार ओव्या सुटल्या, तर पहिल्या खुणेवरून ते कळत नाही. दुसरीवरून कळू शकते. आज भारतीय भाषांतील संहिता मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या स्मृतीत साठविल्या जात आहेत. त्या स्मृतीचा कारभार ज्या भाषांतून चालतो, त्यांतील अत्यंत प्रभावी अशा ‘सी’ या भाषेने या दोन मार्गांपैकी पहिलाच तेवढा पत्करला. या निवडीची कारणे आणि देवनागरी संहितेवर होणारे तिचे परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. पूर्वपीठिका

‘सी’ ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ ते १९७३ या काळात, मुख्यतः १९७२ मध्ये, घडविली. मार्टिन रिचर्ड्स यांची ‘बीसीपीएल’ आणि केन टॉम्पसन यांची ‘बी’ या तिच्या पूर्वसूरी. ब्रायन कर्निघन व रिची यांचा तिच्यावरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८९ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाणभाषेचे रूप मिळाले. युनिक्स ही कार्यप्रणाली तिच्यातच पुन्हा लिहिली गेली. यंत्राच्या स्मृतीशी थेट व्यवहार करावयाचा, आणि तरीही एका यंत्रापुरते बांधून घ्यावयाचे नाही, हे या भाषेचे प्रयोजन होते. तिची शक्ती व तिचे दोष ही दोन्ही या एकाच प्रयोजनातून उद्भवली आहेत.

२. ॲरे : लगतच्या घरांची रांग

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची एक दीर्घ रांग होय. प्रत्येक घरात एक बाइट, म्हणजे सामान्यतः ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. घराच्या क्रमांकास पत्ता म्हणतात. एकाच जातीची मूल्ये एकमेकांस लागून ठेवली की ‘ॲरे’ तयार होतो. त्यातील घटकांची गणना शून्यापासून होते, कारण येथे क्रमांकाचा अर्थ ‘कितवा’ असा नसून ‘आरंभापासून किती अंतरावर’ असा आहे. पहिला घटक आरंभापासून शून्य अंतरावर असतो.

‘बी’ भाषेत ॲरेसाठी रांगेखेरीज तिचा पत्ता धरून ठेवणारे एक निराळे घरही असे. रिची यांनी हे घर काढून टाकले. युनिक्समधील निर्देशिकेच्या नोंदीत एक क्रमांक आणि चौदा वर्णांचे नाव एकास एक लागून असे. ही नोंद स्मृतीत जशीच्या तशी उतरावयाची, तर मध्ये पत्त्याचे घर ठेवून चालणार नव्हते. म्हणून ‘सी’मध्ये असा नियम झाला की, ॲरेचे नाव उच्चारले असता बहुतेक ठिकाणी त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता त्या क्षणी सिद्ध व्हावा. पत्ता वाहणाऱ्या मूल्यास पॉइंटर म्हणतात.

या सोयीचे मोल मोठे आहे. ॲरे एखाद्या उपक्रियेकडे सोपविला की तिच्या हाती केवळ पत्ता पडतो. रांग किती लांब आहे हे ज्ञान वाटेतच गळते. आरंभ ठाऊक आहे, परंतु शेवट ठाऊक नाही, अशी ही अवस्था आहे. दहा घरांच्या रांगेतील पंधराव्या घराची मागणी केली असता भाषा सर्वसाधारणपणे हरकत घेत नाही. त्या पत्त्यावर जे काही असेल ते मिळते, वा जे असेल ते पुसले जाते. प्रमाणग्रंथ अशा वर्तनाला ‘अव्याख्यात’ म्हणतो, म्हणजे त्याचा परिणाम काय होईल याची कोणतीही ग्वाही भाषा देत नाही.

३. स्ट्रिंग : शून्याने संपणारी संहिता

‘सी’मध्ये संहितेसाठी स्वतंत्र असा मूलभूत प्रकार नाही. वर्णांचा ॲरे आणि त्याच्या शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट, एवढीच ‘स्ट्रिंग’ची व्याख्या आहे. ‘बीसीपीएल’मध्ये वर्णांची संख्या आरंभी नोंदविली जात असे. तो मार्ग सोडण्याची दोन कारणे रिची यांनी नमूद केली आहेत : संख्येसाठी आठ-नऊ बिटांचीच जागा असल्याने संहितेच्या लांबीवर मर्यादा पडे, आणि ती संख्या सांभाळीत बसण्यापेक्षा समाप्तीची खूण अधिक सोयीची वाटली.

परिणामतः लांबी जाणून घ्यावयाची तर प्रत्येक वेळी आरंभापासून शून्यापर्यंत चालत जावे लागते. ‘स्ट्रलेन’ ही उपक्रिया हेच करते. शून्य पुसले गेले असेल, तर ती संहितेची सीमा ओलांडून पुढे जाते आणि वाटेत जेथे योगायोगाने शून्य आढळेल तेथे थांबते. तोवरचा सारा मजकूर संहितेचा भाग ठरतो. समाप्तिवाक्य नसलेल्या पोथीत पुढील ग्रंथाची पत्रे मिसळावीत, तसाच हा प्रकार होय.

संहिता कोठे ठेवली आहे, यालाही महत्त्व आहे. काही मूल्ये आज्ञावलीच्या संपूर्ण आयुष्यभर राहतात. काही उपक्रिया चालू असेतोच राहतात; तिची समाप्ती होताच ती जागा धूळपाटीप्रमाणे दुसऱ्या लेखनास मोकळी होते, परंतु जुना पत्ता जवळ ठेवणाऱ्यास त्याची वार्ता मिळत नाही. तिसऱ्या प्रकारात जागा मागून घ्यावी लागते आणि काम झाल्यावर परत करावी लागते. परत केलेल्या जागेवर पुन्हा वाचणे हा या भाषेतील नित्याचा अपराध आहे.

४. देवनागरीचा प्रवेश

रोमन लिपीतील इंग्रजी संहितेत एक वर्ण म्हणजे एक बाइट हे समीकरण टिकते. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीतही ते बऱ्याच अंशी टिकून होते. तीत ‘मराठी’ हा शब्द पाच बाइटांत बसतो. युनिकोडमधील भारतीय लिप्यांच्या विभागांची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’वर आधारलेली आहे, परंतु तेथे चिन्हाचा क्रमांक मोठा असल्यामुळे तो अनेक बाइटांत विभागावा लागतो. टॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजलेली यूटीएफ-८ ही पद्धती आज सर्वत्र रूढ आहे. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘म’ हे चिन्ह २२४, १६४, १७४ असे, तर दीर्घ वेलांटी २२४, १६५, १२८ अशी लिहिली जाते.

या पद्धतीचा एक गुण येथे नोंदविला पाहिजे. शून्य हा बाइट तीत अन्य कोणत्याही चिन्हाच्या पोटात येत नाही. म्हणून ‘सी’ची समाप्तीची खूण अबाधित राहते. प्रत्येक चिन्ह दोन बाइटांत मांडणाऱ्या पद्धतीत मात्र शब्दांमधील मोकळ्या जागेतच एक शून्य दडलेले असते, आणि तशी मराठी संहिता ‘सी’च्या जुन्या उपक्रियांच्या हाती दिली तर ती पहिल्या शब्दाशीच संपते.

‘मराठी’ या शब्दाची यूटीएफ-८ मधील मोजणी तीन पातळ्यांवर तीन प्रकारची होते. वाचकाच्या दृष्टीने अक्षरे तीन. युनिकोडच्या दृष्टीने चिन्हे पाच, कारण काना व वेलांटी स्वतंत्र गणली जातात. ‘स्ट्रलेन’च्या दृष्टीने बाइट पंधरा. समाप्तीचे शून्य धरून जागा सोळा बाइटांची लागते. ‘ज्ञानेश्वरी’त अक्षरे चार, चिन्हे अकरा आणि बाइट तेहेतीस आहेत. आरंभीच्या युनिक्समधील चौदा बाइटांच्या नावात आजच्या मोजणीने ‘मराठी’ हा शब्ददेखील मावला नसता.

५. ओसंडणे आणि छाटणी

दहा बाइटांच्या ॲरेत ‘मराठी’ची नक्कल केली तर सहा बाइट शेजारच्या स्मृतीवर जाऊन पडतात. तेथे दुसरी संहिता असेल तर ती बिघडते. उपक्रियेने परत कोठे जावयाचे तो पत्ता असेल, तर आज्ञावलीचा प्रवाहच परक्याच्या हाती जाऊ शकतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने हाच मार्ग वापरला : ५१२ बाइटांच्या जागेत ‘गेट्स’ ही उपक्रिया, मर्यादा न विचारता, बाहेरून आलेली ओळ उतरवून घेत होती. ही उपक्रिया २०११ च्या प्रमाणातून काढून टाकण्यात आली.

ओसंडणे टाळावयाचे म्हणून छाटणी केली जाते, आणि साहित्याच्या अभ्यासकाचा संबंध अधिक येतो तो याच ठिकाणी. ओसंडण्याने आज्ञावली अनेकदा बंद पडते व दोष उघडकीस येतो; छाटणी मुकाट्याने होते. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव बारा बाइटांच्या ॲरेत छाटून बसविले, तर मजकुरास अकरा बाइट मिळतात. ‘ज्ञा’चे तीन चिन्ह-घटक आणि काना मिळून बाराची गरज असल्याने शेवटचे चिन्ह दुभंगते. पंचवीस बाइटांच्या ॲरेत चोवीस बाइट, म्हणजे पूर्ण आठ चिन्हे राहतात. यूटीएफ-८ च्या नियमाने ती निर्दोष आहेत. परंतु उरते ते ‘ज्ञानेश्’, पाय मोडलेला ‘श’ आणि हरवलेला ‘व’. बाइटांची शुद्धता, चिन्हांची शुद्धता आणि अक्षराची शुद्धता या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

मानवी लिपिकाराच्या चुका डोळ्याच्या व कानाच्या मागे जातात : सारख्या शब्दावरून सारख्या शब्दावर दृष्टी घसरते, उच्चारसाम्याने वर्ण बदलतो. यंत्राच्या चुका संख्येच्या मागे जातात. चौसष्ट बाइटांच्या घरात शून्य वगळता त्रेसष्ट बाइट, म्हणजे सलग देवनागरीची बरोबर एकवीस चिन्हे राहतात. एखाद्या ग्रंथसूचीतील लांब शीर्षके अर्थाचा विचार न करता ठराविक बाइटसंख्येवर तुटलेली आढळली, तर तो पाठभेद नव्हे, तो ॲरेच्या आकाराचा ठसा होय.

६. तुलना आणि वर्णक्रम

‘स्ट्रकम्प’ ही उपक्रिया दोन संहितांची बाइटागणिक तुलना करते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा मराठीतील अर्थभेदक भेद आहे. ‘दऱ्या’मधील अर्धा ऱ तीन रीतींनी लिहिला गेलेला आढळू शकतो : त्याच्या स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलंत व शून्यरुंदीचे जोडचिन्ह यांच्या योगाने. डोळ्यांना तिन्ही रूपे एकच. बाइट अनुक्रमे पंधरा, अठरा व अठरा. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन एक होतात, तिसरे वेगळेच राहते. शब्दसूचीत एकाच शब्दाच्या तीन नोंदी पडाव्यात आणि प्रत्येकीची वारंवारिता कमी दिसावी, असा याचा परिणाम होतो.

वर्णक्रमाचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये येतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. केवळ बाइटांवर लावलेला कोश मराठी वाचकाला परका वाटेल.

७. समारोप

समाप्तीच्या खुणेऐवजी संख्या नोंदविली म्हणजे सर्व संकटे टळतात असे नव्हे. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषात, विचारणाऱ्याने सांगितलेली लांबी पडताळून न पाहताच मानली गेली, आणि एका वेळी ६४ किलोबाइटांपर्यंत स्मृती परक्याला दिसू शकली. संख्या आणि मजकूर यांचा मेळ कोणीतरी घालावाच लागतो. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेली ‘रस्ट’ ही भाषा लांबी सदैव जवळ बाळगते आणि चिन्हाच्या मध्ये काप घेऊ देत नाही; अक्षराच्या मध्ये मात्र तीही घेऊ देते. कारण अक्षर ही लिपीची आणि भाषेची वस्तू आहे, स्मृतीची नव्हे.

म्हणून संगणकावरील संहितेचे संपादन करणाऱ्याने प्रतींच्या वर्णनात लिपी व कागद यांच्याबरोबर संकेतपद्धती, प्रमाणीकरणाचे रूप आणि चिन्हांची एकूण संख्या नोंदविणे अगत्याचे आहे. जुन्या लिपिकाराने ग्रंथसंख्या लिहिली ती आपल्या श्रमाचे मोजमाप म्हणून. पुढील संपादकास तीच पडताळणीचे साधन ठरली. शून्याने संपणाऱ्या संहितेस अशा साक्षीची गरज अधिकच आहे.