होमार्पणातून घरी काय न्यायचं?

आजचा शास्त्रभाग: लेवीय 1:1-9, 6:8-13, रोमकरांस पत्र 12:1-2



लेवीय पुस्तक आलं की आपल्यातले बरेच जण भराभर पानं उलटतात. रक्त, चरबी, राख. आपल्याला काय त्याचं? पण पौल रोमच्या विश्वासणाऱ्यांना ‘जिवंत यज्ञ’ व्हायला सांगतो, तेव्हा त्या शब्दामागे हीच वेदी आहे. म्हणून आज जरा तिथं थांबू या.

शांत्यर्पणात वाटण्या असत. चरबी वेदीवर जाई, ऊर आणि उजवी मांडी याजकांना, आणि उरलेलं मांस अर्पण करणारा खाई. होमार्पणाचं तसं नव्हतं. कातडं याजकाला मिळे. बाकी डोकं, चरबी, पाण्यानं धुतलेली आतडी आणि पाय, सगळं वेदीवर. आणणारा रिकाम्या हातानं घरी जाई.

आपण मात्र वाटणी करतो. रविवारची सकाळ देवाची, दशमांश देवाचा. पण नोकरी कुठली घ्यायची, लग्न कोणाशी करायचं, रात्री बारानंतर मोबाईलवर काय बघायचं, ते ‘माझं मी बघेन’. वाईट सवय सोडणं एक वेळ जमतं. चांगली, लाडकी गोष्ट देवापुढे ठेवणं जड जातं. कारण तो ‘नाही’ म्हणाला तर? खरी भीती ही आहे, हो ना?

पौलाला ही भीती ठाऊक असावी. म्हणून तो अर्पणाची विनंती पहिल्या अध्यायात करत नाही. अकरा अध्याय तो देवाची दया उलगडून दाखवतो, मग बाराव्यात विनवतो. आठव्या अध्यायात तर तो सांगून बसलाय की देवानं स्वतःचा पुत्रही राखून ठेवला नाही. ज्यानं आपल्यासाठी काहीच मागं ठेवलं नाही, त्याच्या हाती आपलं भविष्य देणं हा जुगार नाही.

शिवाय हा यज्ञ जिवंत आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा संस्कृत विदुषी म्हणून त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. ती बुद्धी त्यांनी फेकून दिली नाही, तिचा मालक बदलला. केडगावला दुष्काळातून आणलेल्या मुलींचा संसार सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षं झिजल्या.

आणखी एक गोष्ट. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नव्हता. याजकानं राख काढायची आणि रोज सकाळी नवी लाकडं घालायची. म्हणजे युथ कॅम्पच्या शेवटच्या रात्री रडत केलेलं समर्पण खरं असलं, तरी सोमवारी पुरत नाही. कालचं अपयश राख आहे, आणि कालचा उत्साहसुद्धा! दोन्ही बाजूला काढा, आजचं लाकूड घाला.

आज एवढंच करा: जी एक गोष्ट तुम्ही अजून वेदीवर ठेवलेली नाही, तिचं नाव घेऊन प्रार्थना करा. मोघम ‘सर्व काही तुझं’ म्हणू नका. नाव घ्या.

प्रार्थना: हे देवबापा, तू तुझा पुत्र दिलास. मी जे मुठीत धरून ठेवलंय ते आज तुझ्यापुढे ठेवतो. मूठ उघडायला मला बळ दे, आणि उद्या सकाळी पुन्हा दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.