ट्रकचा पेपर कारच्या लायसनपासूनच सुरू होतो

भोपाळच्या मराठी वस्तीत मोठी भर पडली ती 1956 मध्ये. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्य पुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबांनी बिऱ्हाड हलवलं. आज विदर्भातून किंवा पांढुर्णा-मुलताईकडून आलेला तरुण मंडीदीप नाहीतर गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यांचा माल वाहण्याचं काम शोधू लागला, की इथे मुरलेल्या घरांतून त्याला साधारण एकच सल्ला मिळतो: आधी पत्त्याचा पुरावा कर, मग कारचं लायसन काढ, वर्षभर थांब आणि मग हेवीला अर्ज कर. लेखी परीक्षेचं काय, ती होऊन जाते. यातला क्रम अगदी बरोबर आहे. शेवटचं वाक्य मात्र पुढे महागात पडतं.

क्रम बरोबर का, तर तो कायद्यातच आहे. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे मालवाहू गाडीच्या लायसनसाठी वय किमान 20 हवं, आणि शिकाऊ लायसन मिळण्याआधी हलक्या गाडीचं पक्कं लायसन हातात येऊन एक वर्ष झालेलं हवं. सोबत डॉक्टरांचा फॉर्म 1-ए आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5 लागतो. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यापासून 30 दिवस होईपर्यंत गाडी चालवण्याची चाचणी देता येत नाही. आता यातली बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 11 शिकाऊ लायसनसाठी प्रश्नांची परीक्षा घ्यायला सांगतो, पण ज्याच्याकडे आधीच चालू लायसन आहे त्याला त्या परीक्षेतून सूट देतो. हेवीसाठी अर्ज करणाऱ्याकडे कारचं लायसन असतंच. म्हणजे कारच्या वेळी दिलेला पेपर हाच त्याचा ट्रकचाही पेपर. सोळा चाकी गाडी हाती येण्याआधी सरकार त्याला नियमांबद्दल पुन्हा विचारेलच, असं नाही.

त्या पेपरात येतं काय? रस्त्यावरची चिन्हं आणि सिग्नल, वाहन चालवण्याचे नियम, रेल्वे फाटकावर घ्यायची काळजी, गाडीत ठेवायची कागदपत्रं आणि अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं. हा शेवटचा विषय बहुतेक जण पाठ करून सोडून देतात. ट्रकचालकाला त्याचीच गरज सर्वांत जास्त. कलम 134 सांगतं की जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात न्यावं, पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा 24 तासांत कळवावं, विमा कंपनीलाही माहिती द्यावी. त्याच कलमात असंही लिहिलं आहे की जमावाच्या रोषामुळे जखमीला मदत करणं शक्यच नसेल, तर गोष्ट वेगळी. जानेवारी 2024 मध्ये भारतीय न्याय संहितेतल्या, अपघातानंतर न कळवता पळून जाण्याबद्दलच्या शिक्षेविरुद्ध देशभर ट्रकचालक संपावर गेले, तेव्हा त्यांचं मुख्य म्हणणं जमावाच्या भीतीचं होतं. ती भीती खरी आहे. पण जीव वाचवायला तिथून निघालेला आणि पुढच्याच ठाण्यात जाऊन थांबलेला चालक कायद्याच्या आधाराने उभा राहू शकतो. कलम माहीत नसलेला चालक ठाणं ओलांडून पुढे जातो आणि गुन्हा वाढवून घेतो.

यावर पहिला आक्षेप असा की ट्रक शिकायचा तो उस्तादाच्या शेजारी बसून, पुस्तकातून नव्हे. गाडीवरचा हात तसाच बसतो, यात वाद नाही. पण उस्ताद शिकवतो ती रस्त्यावरची रीत, आणि रीत चुकीची असेल तर दंड शिकणाऱ्याच्या नावावर पडतो. जादा भार हे ठळक उदाहरण आहे. माल मालक भरतो, पण 2019 च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यातला 20 हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2 हजारांचा दंड गाडी चालवणाऱ्यालाही लागू होतो. कामाच्या तासांचंही तसंच आहे. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा 2025 मध्ये रद्द होईपर्यंत सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांतीचा हक्क देत होता. आपले हक्क ठाऊक असलेला चालकच मालकापुढे तोंड उघडू शकतो. शिवाय सरकारी आकडेवारीत 2022 मध्ये 54,432 अपघातांसह मध्य प्रदेश देशात दुसरा होता. अशा राज्यात नुसत्या रीतीवर विसंबून राहणं परवडणारं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी कारच्या लायसनवर चालवता येते. मग हेवीचा खटाटोप कशाला? छोट्या टेम्पोवर पोट भरायचं असेल तर खरंच गरज नाही. पण हा निकाल माझं म्हणणं पक्कंच करतो: आता कारचा पेपर देऊन पक्कं लायसन मिळवलेला माणूस दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी घेऊन निघू शकतो. आणि ही 7,500 ची मर्यादा गाडी आणि माल मिळून आहे, हे विसरू नका.

तिसरा आक्षेप नेहमीचा: 60 टक्क्यांवर पास होतं, दलाल करून देतो, एवढा अभ्यास कशाला? उत्तीर्णाची रेघ खाली आहे, हे मान्य. ब्रिटनमध्ये लॉरीचालकाला वेगळी परीक्षा असते आणि तिथे 100 पैकी 85 उत्तरं बरोबर यावी लागतात. अमेरिकेत ही रेघ 80 टक्क्यांवर आहे आणि एअर ब्रेक, घातक माल यांचे पेपर वेगळे आहेत. आपल्याकडे हे अंतर चालकालाच भरून काढावं लागतं. भोपाळमध्ये राहून तरी हे कोणाला पटवावं लागू नये. 1 जानेवारी 2025 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या आवारातला 337 टन विषारी कचरा 12 कंटेनरांतून सुमारे 250 किलोमीटरवरच्या पीथमपूरला नेण्यात आला. असा माल वाहायचा तर त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम 9 प्रमाणे तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते. मराठी त्या अनुसूचीत आहे, म्हणजे अर्धी अट तुम्ही घरूनच पूर्ण करून आलात. दलालाकडून पास झालेल्याला टँकरच्या मागची धोक्याची पाटी वाचून कोण देणार?

तेव्हा भोपाळात येताच तीन गोष्टी करा. पत्त्याचा पुरावा तयार करून सारथी पोर्टलवर स्वतः अर्ज भरा. इथल्या आरटीओचा कोड एमपी 04 आहे. सराव हिंदीतून करा, कारण पुढे पोलीस, काटा आणि गोदाम सगळीकडे तीच भाषा भेटणार आहे. आणि पुस्तक घेताना ते 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांवर आधारलेलं आहे ना, हे पाहूनच घ्या. त्याआधीचे 1989 चे ‘रूल्स ऑफ द रोड’ विनियम आता रद्द झाले आहेत. पेपर साठ टक्क्यांसाठी देऊ नका, शंभरासाठी द्या. पुन्हा कदाचित कोणी विचारणार नाही, म्हणून पहिल्याच वेळी नीट शिकून घ्या.