डावा आरसा आणि सायकलवाला

‘थिअरी ऑफ मशीन्स’ शिकताना अकरमन स्टिअरिंगची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. ओरलला ती आठवत नाही हा भाग वेगळा! पण गाडी वळते तेव्हा कोणतं चाक कुठून जातं, हा प्रश्न जर्नलपुरता नाही. रोज सकाळी कॉलेजच्या गेटसमोर मोठी गाडी वळते, तिच्या डाव्या अंगाला दोन-चार सायकली असतात आणि ती आकृती तिथे डांबरावर उमटते. तिथे नापास झालात तर केटीची सोय नाही.

हा विषय आपला का? होस्टेलमधले बरेच जण सायकल वापरतात. शिवाय गॅदरिंगचं सामान, इंडस्ट्रियल व्हिजिट, मॅचला जाणारी टीम यासाठी ट्रॅव्हलर किंवा टेम्पो लागतो आणि ऐनवेळी “लायसन्स कुणाकडे आहे रे?” असा प्रश्न येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, की एलएमव्ही लायसन्स असलेल्याला ७५०० किलोच्या आतलं व्यावसायिक वाहनही चालवता येतं. म्हणजे लहान मोटारीवर टेस्ट दिलेला मुलगा कायद्याने मोठी व्हॅन चालवू शकतो. कायद्याचा प्रश्न सुटला, पण पुण्यासारख्या शहरात, पेपरवाले, शाळेची मुलं आणि कामावर निघालेली माणसं सायकलवर असताना ती कशी चालवायची हे लायसन्सवर छापलेलं नसतं. म्हणून हा छोटासा धडा.

१. न दिसणारी डावी बाजू

आमच्या व्हॅनच्या ड्रायव्हर काकांना एकदा विचारलं, “काका, गर्दीत सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?”

काका म्हणाले, “डावीकडची. उजवीकडचा माझ्या दारातून दिसतो रे. डावीकडचा एकदा खिडकीखाली आला की देव जाणे!”

कारण साधं आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि सायकलवाला डाव्या कडेने जातो. मोठ्या व्हॅनची सीट उंच, डावी खिडकी दीड-दोन मीटर दूर. खिडकीच्या खालच्या कडेमुळे दाराला लागून असलेली जागा झाकली जाते. पुढच्या काचेचा खांब आणि आरसा मिळून आणखी एक पट्टा झाकतात. बहिर्वक्र आरशात जास्त जागा दिसते खरी, पण वस्तू लहान दिसते, म्हणून आहे त्यापेक्षा लांब वाटते.

त्यामुळे पहिला नियम: आरशात कुणी दिसलं नाही याचा अर्थ तिथे कुणी नाही असा होत नाही. सिग्नलला उभे असताना दर काही सेकंदांनी डाव्या आरशात बघत राहा. मागून आलेला सायकलवाला आरशातून गेला आणि पुढे निघालेला दिसला नाही, तर तो तुमच्या शेजारीच उभा आहे असं समजा.

२. मागचं चाक आत येतं

आता आकृतीकडे येऊ. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेतून जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूने जातात. समजा व्हॅनचा व्हीलबेस ४ मीटर आहे आणि डावीकडे वळताना पुढचं डावं चाक ७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतंय. मागच्या डाव्या चाकाची त्रिज्या पायथागोरसने काढा: ४९ वजा १६ म्हणजे ३३, त्याचं वर्गमूळ सुमारे ५.७५. फरक सव्वा मीटर! चौकातलं वळण लवकर संपलं तर फरक थोडा कमी पडेल, पण सायकलचं हँडल असतं जेमतेम ६० सेंटिमीटरचं. म्हणजे गाडीचं तोंड सायकलवाल्याला न लागता पुढे गेलं, तरी मागचं चाक त्याच्या जागेवर येतं. त्याला एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला फुटपाथ, सटकायला वावच नाही.

यावर उपाय दोन. एक, वळणाच्या तोंडाशी सायकलवाल्याला ओव्हरटेक करून लगेच डावीकडे वळू नका. साधारण १५ किमी वेगाने जाणारा सायकलवाला ५ सेकंदांत २० मीटर कापतो. तुम्ही वळणासाठी वेग कमी करेपर्यंत तो परत तुमच्या डाव्या दाराशी आलेला असतो. त्याच्या मागे राहा, त्याला चौक ओलांडू द्या, मग वळा. दोन, इंडिकेटर लवकर द्या, आणि वळायला सुरुवात केल्यावरही डाव्या आरशात बघत राहा, कारण मागचं चाक तेव्हाच आत येत असतं.

३. ओव्हरटेकचा हिशेब

सायकलच्या बाजूने जाताना किती अंतर ठेवायचं? ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ च्या सुधारणेने ताशी ३० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ४८ किमीपर्यंत, किमान दीड मीटर असं स्पष्ट लिहिलं आहे. आपणही तेच माप धरू. सायकलचं चाक कडेपासून अर्धा मीटर, वर अर्ध्या हँडलचे ०.३, मग मोकळे दीड मीटर आणि आरशांसकट व्हॅन सुमारे २.४. बेरीज ४.७ मीटर. आणि एक लेन साधारण साडेतीन मीटरची! म्हणजे त्याच लेनमधून ‘जरा चेपून’ जाणं गणितातच बसत नाही. शेजारची लेन मोकळी असेल तर पूर्ण बाहेर निघून जा, नसेल तर मागे थांबा.

“पण उशीर होतो ना!” तोही हिशेब करू. २०० मीटर रस्ता सायकलच्या मागे १५ किमी वेगाने गेलात तर ४८ सेकंद लागतात. ३० च्या वेगाने गेला असतात तर २४. तोटा २४ सेकंदांचा, आणि तोही पुढच्या सिग्नलला बहुतेक वेळा भरून निघतो. मेसच्या रांगेत आपण याहून जास्त वेळ गप्प उभे राहतो.

४. तीस आणि पन्नास

प्रतिक्रियेला १ सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर ६ मी/से² मंदन धरा. ३० किमी वेगाला प्रतिक्रियेत ८ मीटर आणि ब्रेकमध्ये ६, असे एकूण १४ मीटर लागतात. ५० किमी वेगाला १४ आणि १६, एकूण ३०. आता नीट बघा. पुढे १४ मीटरवर सायकलवाला पडला, तर तिशीची गाडी त्याच्याजवळ येऊन थांबते. पन्नासची गाडी तिथे पोचते तेव्हा ड्रायव्हरचा पाय नुकताच ब्रेकवर आलेला असतो, म्हणजे धडक जवळजवळ पूर्ण वेगाने! पावसात तर दोन्ही आकडे वाढतात.

५. तो मध्येच का येतो?

“सायकलवाले कसेही मध्ये येतात” ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण त्याच्या जागेवरून बघा. कडेला खडी, ड्रेनेजचं झाकण, साचलेलं पाणी. उभ्या मोटारीचं दार उघडलं तर साधारण मीटरभर जागा खातं, म्हणून शहाणा सायकलवाला त्यापासून लांबून जातो. हे त्याचं आडमुठेपण नव्हे, त्याची काळजी आहे. तेव्हा नजर सायकलवर ठेवा, आणि त्याच्या पुढच्या दहा मीटरांवरही. तिथे खड्डा असेल तर तो उजवीकडे येणारच. पावसात रिम ब्रेक ओले झाले की त्याला थांबायला जास्त अंतर लागतं, हेही धरून चाला. आणि अगदी मागे जाऊन कर्कश हॉर्न वाजवू नका. दचकून तो नेमका तुमच्याच बाजूला वळायचा!

६. दार आणि रिव्हर्स

गाडी थांबली म्हणजे काम संपलं असं नाही. दार उघडताना दाराच्या लांबच्या हाताने उघडा. ड्रायव्हरने डाव्या हाताने, डावीकडच्याने उजव्या. असं केलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. डच लोकांची म्हणून ही पद्धत प्रसिद्ध आहे, आणि शिकायला एक मिनिट लागतं. रिव्हर्स घेताना कुणीतरी खाली उतरून उभं राहावं, तेही आरशात दिसेल अशा जागी. गाडीच्या पाठीमागे उभं राहून “येऊ द्या, येऊ द्या” ओरडण्याचा उपयोग नाही.

७. डिझाइनवाल्यांसाठी

सगळा भार ड्रायव्हरच्या मानेवर टाकणंही बरोबर नाही. लंडनने गाडीच्या रचनेलाच हात घातला. तिथे २०१५ पासून साडेतीन टनांवरच्या ट्रकना बाजूचे गार्ड आणि जादा आरसे सक्तीचे झाले. मार्च २०२१ पासून १२ टनांवरच्या ट्रकना, ड्रायव्हरला काचेतून थेट किती दिसतं त्यावरून शून्य ते पाच तारे देणाऱ्या नियमाची अंमलबजावणी सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे हवेत, नाहीतर ठरवून दिलेली सेन्सर-कॅमेऱ्याची यंत्रणा बसवावी लागते. प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनी इकडे जरूर लक्ष द्यावं.

आता गृहपाठ. पुढच्या वेळी व्हॅन मैदानात उभी असेल तेव्हा काकांची परवानगी घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसा. रूम पार्टनरला सायकल घेऊन गाडीभोवती फिरायला सांगा. तो जिथे दिसेनासा होईल तिथे दुसऱ्याने खडूने खूण करावी. पंधरा मिनिटांत गाडीभोवती न दिसणाऱ्या जागेचा नकाशा तयार होतो. नंतर तो आपल्यातल्या सायकलवाल्यांना दाखवा, म्हणजे सिग्नलला कुठे उभं राहायचं नाही हे तेही शिकतील.

आणि एक विनंती. व्हॅनमध्ये पुढे डावीकडे जो बसेल, त्याने मोबाइल खिशात ठेवावा. ड्रायव्हरला न दिसणारी बाजू त्याच्या खिडकीखाली असते. वळणावर त्याने मान बाहेर वळवून बघावं आणि “काका, थांबा, सायकल आहे” एवढंच म्हणावं.