जपानी सौजन्यवचने आणि मराठी भाषांतर

गोव्यात शिकवताना एक समज मला अनेकदा ऐकू येतो : जपानी 'अरिगातो' हा आभाराचा शब्द पोर्तुगीज 'ओब्रिगादो'वरून आला. ध्वनिसाम्यामुळे तो पटतोही. पण काळ जुळत नाही. पोर्तुगीज जपानला पोहोचले १५४३मध्ये. सेई शोनागोनच्या, इ. स. १०००च्या सुमाराच्या 'माकुरा नो सोशी'त 'अरिगाताशी' हे विशेषण आधीच आहे. तेथे त्याचा अर्थ 'असणे कठीण', म्हणजेच 'दुर्मीळ'. दुर्मीळ कृपा लाभल्याच्या भावनेतून पुढे आभाराचा अर्थ आला.

व्युत्पत्ती भाषांतरकाराला दिशा देते, तयार प्रतिशब्द मात्र देत नाही. 'सुमिमासेन' पाहा. 'सुमु' म्हणजे संपणे, निकाली निघणे; त्याचे हे नकारार्थी रूप. 'एवढ्याने हे फिटत नाही' हा त्यातला भाव. म्हणून क्षमा मागताना, वाढप्याला हाक मारताना आणि कोणी पडलेली वस्तू उचलून दिली तरी हाच शब्द येतो. मराठीत मात्र या तीन प्रसंगी अनुक्रमे 'माफ करा', 'अहो, जरा इकडे' आणि 'उगाच त्रास दिला तुम्हाला' असे म्हणावे लागेल. तिसऱ्या ठिकाणी 'धन्यवाद' लिहिले, तर दुसऱ्याला पडलेल्या श्रमाची जाणीव हरवते.

जेवणाआधी म्हणायचे 'इतादाकिमासु' विद्यार्थी 'चला, जेवू या' असे करतात. 'इतादाकु' म्हणजे मुळात मस्तकी धारण करणे. त्यावरून ते घेण्याचे, खाण्यापिण्याचे नम्र क्रियापद झाले. प्रसाद कपाळाला लावून मग तोंडात टाकणाऱ्या वाचकाला हा भाव समजावून सांगावा लागणार नाही. भाषांतरात तो आणायचा, तर 'जेवू या'पेक्षा पानाला केलेला नमस्कार अधिक जवळचा.

काही ठिकाणी तर आपल्याकडे नेमका शब्द आहे. घरातून निघणारा 'इत्तेकिमासु' म्हणतो, घरचे 'इत्तेराश्शाइ' म्हणतात : 'जाऊन येतो', 'जाऊन या'. नुसते 'जातो' म्हणू नये, हा संकेत आपल्या घरांतही आहे.

अडचण अशी, की 'सॉरी' आणि 'थँक्यू'वर वाढलेल्या मुलांच्या तोंडी ही मराठी वचने आता क्वचितच येतात. म्हणून मी वर्गात शब्दकोश नंतर उघडायला लावते. कोण, कोणाला, कोणत्या नात्याने बोलते आहे, आणि तुमची आजी अशा वेळी काय म्हणाली असती, हे आधी लिहा, असे सांगते. जपानी शिकवताना यातून मराठीचीच उजळणी होते.