घराची सफाई : आधी मळ ओळखावा



गळीत हंगामात कारखाना मध्येच थांबला की आपण विचारतो, "काय झालं?" पुष्कळदा उत्तर मिळते, "क्लिनिंग चाललंय." रस आटवण्याच्या पात्रांत नळ्यांना आतून क्षारांचा थर धरतो आणि वाफेची उष्णता रसापर्यंत नीट पोचत नाही. मग कॉस्टिक सोड्याचे पाणी उकळून तो थर मऊ करतात. उरलेला घासून, अगर गरज पडल्यास आम्लाने काढतात. पण सोडा आणि आम्ल एकदम ओतीत नाहीत, मध्ये पाण्याने धुऊन घेतात. घरच्या सफाईचा सगळा धडा यात आला. मळ कसला ते ओळखावे, त्याला लागू पडेल ते एकच औषध घ्यावे, दोन औषधांची भेसळ करू नये.

तेलकट मळ

चुलीमागची भिंत, तेलाची बुधली, कढई यांवरचा मळ तेलकट. त्याला क्षार लागतो. आपल्या आज्या राखेने भांडी घाशीत, ते काही उगीच नव्हे. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तो तेलाशी मिळाला की साबणासारखे काम करतो. राख मात्र चाळून घ्यावी. बॉयलरमधली बगॅसची राख फुकट मिळते म्हणून भांड्यांना लावू नये. तिच्यात वाळूचा अंश फार, भांड्याला ओरखडे पडतात. राख नसेल तर धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून वापरावा.

हलक्या मळाला रिठा चांगला. १०-१२ रिठे फोडून, बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी उकळून गाळावेत. हे पाणी तीन-चार दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढेच करावे. डोळ्यांत गेले तर फार चुरचुरते.

डाग आणि पांढरा थर

तांब्या-पितळेवरचा काळपटपणा आणि बंबात धरणारा पांढरा थर राखेने हटत नाही. त्याला आंबट लागते. चिंचेचा कोळ नि मीठ, किंवा लिंबाची साल नि मीठ लावून दोन मिनिटे घासावे, लगेच धुऊन कोरडे पुसावे. स्टीलच्या भांड्यातला पांढरा थर लिंबाचे पाणी अर्धा तास भरून ठेवले की सुटतो. अॅल्युमिनियमचे पातेले आतून काळे पडले तर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून दहा मिनिटे उकळावे. अॅल्युमिनियमला सोडा किंवा राख लावली, की ते आणखी काळे पडते.

आंबटाचा एक शत्रू ध्यानात ठेवावा, तो म्हणजे शहाबादी फरशी. ही फरशी चुनखडीच्या दगडाची. लिंबू, व्हिनेगर किंवा अॅसिड पडले की दगडच खाल्ला जातो आणि चकाकी जाते. कडप्पा आणि संगमरवर यांचेही तसेच.

हल्ली सोडा आणि लिंबू एकत्र करून फेस आणायची टूम निघाली आहे. फेस छान येतो हो, पण तो नुसता वायू. क्षार आणि आम्ल एकमेकांना मारतात आणि उरते ते बहुतेक मीठपाणी. दोन्ही वाया!

रोगाचा मळ

घरात कोणाला जुलाब-उलट्या किंवा कावीळ झाली असेल तर रिठा-लिंबावर विसंबू नये. त्यांनी मळ निघतो, जंतू मरतीलच असे नाही. तिथे साबणाने धुऊन, स्वच्छ पाणी ओतून, मग आरोग्यसेविका सांगेल त्या प्रमाणात टीसीएल पावडरचे पाणी वापरावे. हात साबणानेच धुवावेत.

आता जिवाची गोष्ट

मोरी लवकर निघावी म्हणून काहीजण टीसीएल आणि अॅसिड एकत्र ओततात. हे कधीही करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. डोळे झोंबतात, खोकला येतो, श्वास कोंडतो. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. आणि मोरी घासणारी बाई खाली बसलेली असते. असे झाल्यास सगळे टाकून तडक उघड्या हवेत यावे. टीसीएलमध्ये लिंबू किंवा व्हिनेगरही मिसळू नये.

दुसरे, सुट्टे अॅसिड थंड पेयाच्या बाटलीत आणून ठेवायची आपल्याकडे वाईट खोड आहे. पोराला बाटली ओळखीची, आतले औषध नव्हे. चुकून पोटात गेलेच तर उलटी काढू नये. जे घशाखाली जाताना भाजते, ते वर येतानाही भाजते. तोंड पाण्याने धुवावे, बाटली बरोबर घ्यावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

चिंच, लिंबू, राख, रिठा, सोडा यांवर घरची बहुतेक रोजची सफाई भागते, पैसाही वाचतो. तेव्हा आमचे सांगणे एवढेच, की अंक खाली ठेवलात की उठून मोरीच्या फळीवर नजर टाका. बिननावाची बाटली दिसली तर आजच तिची सोय लावा. आणि हे काम बायकांवर टाकू नका. बाजारातून ती बाटली बहुधा आपणच आणलेली असते.